चुंबकावर पळणारा थेंब! मोहरीएवढ्या थेंबात मावणारी लॅब यवतमाळच्या कामाची आहे का?

२०१७ चा पावसाळा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरांत कपाशी पार छातीला लागली होती, कीड वाढली होती आणि फवारणी जोरात सुरू होती. मग एकेक करून माणसं दवाखान्यात यायला लागली. उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडातून लाळ, श्वास घ्यायला त्रास. त्या हंगामात जिल्ह्यात किमान २० शेतकरी आणि शेतमजुरांचा फवारणीच्या विषबाधेनं जीव गेला. शेकडो जणांना ॲडमिट करावं लागलं. देशभर बातम्या झाल्या, एसआयटी नेमली गेली, चायनीज पंपांपासून हातमोज्यांपर्यंत सगळ्यावर चर्चा झाली.

एक प्रश्न मात्र मागेच राहिला. समोर आलेल्या पेशंटच्या अंगात नेमकं कुठलं विष गेलंय, हे डॉक्टरला कळतं कसं?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर अवघड आहे. कारण एका पंपात दोन-तीन औषधं मिसळून मारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. आणि सगळी विषं सारखी नसतात.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. आपल्या मज्जातंतूंमध्ये निरोप पोहोचवायला ॲसिटाइलकोलिन नावाचं रसायन असतं. निरोप पोहोचला की कोलिनेस्टरेज नावाचं एंझाइम ते रसायन साफ करतं. ऑर्गनोफॉस्फेट नेमकं या साफसफाई करणाऱ्यालाच जखडून टाकतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, छाती भरून येते. यावर ॲट्रोपिन देतात. पॅम नावाचं दुसरं इंजेक्शन जखडलेलं एंझाइम सोडवतं, पण ते लवकर मिळालं तरच. उशीर झाला की विष आणि एंझाइम यांची गाठ पक्की होते आणि मग पॅमचा उपयोग उरत नाही.

आता दुसरं औषध बघा. डायफेंथियुरॉन. हे ऑर्गनोफॉस्फेट नाही. ते पेशींच्या ऊर्जा बनवण्याच्या यंत्रणेवर घाव घालतं आणि त्यावर ठरावीक असा उतारा नाही. पेशंट दोन्हीकडून अत्यवस्थ होऊ शकतो, पण उपचाराची दिशा वेगळी.

हा फरक पुढे फार मोठा ठरला. २०२० मध्ये यवतमाळचे पीडित थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेले, सिंजेंटा कंपनीच्या डायफेंथियुरॉन असलेल्या ‘पोलो’ या कीटकनाशकाविरोधात दाद मागायला. कंपनीनं जबाबदारी नाकारली. अशा भांडणात मुद्दा शेवटी तिथेच येऊन थांबतो, की अंगात नेमकं काय गेलं होतं आणि त्याचा पुरावा काय?

पुरावा रक्तात असतो. पण रक्त तपासायला लॅब लागते. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. उमरखेडवरून यवतमाळ शंभरेक किलोमीटर, यवतमाळवरून नागपूर दीडशेच्या आसपास. सॅम्पल जाणार, रांगेत लागणार, रिपोर्ट येणार. तोवर पेशंट एकतर सुधारलेला असतो, नाहीतर... असो.

(इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डॉक्टर रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. लक्षणं दिसली की ॲट्रोपिन सुरू करतात आणि तेच बरोबर आहे. विषबाधेची शंका आली तर टेस्टच्या नादात एक मिनिटही घालवू नका, थेट दवाखाना गाठा.)

मग विचार असा, की सॅम्पल लॅबकडे नेण्याऐवजी लॅबच लहान करून सॅम्पलकडे आणता आली तर? किती लहान? एका थेंबाएवढी. जगभरातले संशोधक खरंच या मागे लागलेत आणि त्यातली सगळ्यात भन्नाट युक्ती आहे चुंबकाची.

आधी थेंबाचा हिशोब

सलाइनच्या नळीतून पडणारा थेंब डोळ्यांसमोर आणा. असे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. म्हणजे एक थेंब ५० मायक्रोलिटरचा. १ मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, आकारानं मोहरीच्या दाण्याएवढा. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आपण ट्यूबभर रक्त देतो, ते २-३ मिलिलिटर असतं. म्हणजे २-३ हजार मायक्रोलिटर! यातलं प्रत्यक्ष तपासणीत वापरलं जातं ते फार थोडं.

मग एवढं का घेतात? कारण मशीनच्या नळ्या, सिरिंज, पंप हे सगळं भरायला द्रव लागतो. शेतीच्या भाषेत सांगायचं तर लांबलचक पाटानं पाणी सोडल्यासारखं. झाडाला लागतं तांब्याभर, पाटातच मुरतं घागरभर.

नळीच काढून टाकली तर? नुसता थेंब हवा तिथे नेता आला तर? अडचण एकच, थेंबाला ढकलायचं कशानं?

वाळूतला काळा कीस आठवतोय?

लहानपणी जुन्या स्पीकरचं चुंबक काढून वाळूत फिरवायचा उद्योग केला नाही असा माणूस विरळा. चुंबकाला जो काळा कीस चिकटायचा, त्यात बऱ्याचदा मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. तेच मॅग्नेटाइट कारखान्यात इतकं बारीक बनवतात की एका कणाची रुंदी १० नॅनोमीटरच्या आसपास असते. एका मिलिमीटरमध्ये असे लाखभर कण ओळीनं बसतील.

एवढ्या बारीक कणांचा एक विचित्र गुण असतो. चुंबक जवळ आणलं की ते ओढले जातात, चुंबक दूर नेलं की त्यांच्यातलं चुंबकत्व जवळपास संपतं. साधा लोखंडाचा कीस एकदा चुंबकाला लागला की एकमेकांना चिकटून गोळे करतो. हे कण तसं करत नाहीत, पुन्हा द्रवात मोकळे होतात. काम झालं की सुट्टे.

असे कण द्रवात मिसळायची आयडिया मूळची नासाची बरं का. १९६३ मध्ये स्टीव्ह पॅपेल या इंजिनिअरनं रॉकेटच्या इंधनात चुंबकीय कण मिसळून पाहिले होते. अंतराळात वजनच नसतं, मग टाकीतलं इंधन पंपाकडे आणायचं कसं, तर चुंबकानं ओढून. रॉकेटमध्ये ती युक्ती काही रुळली नाही, पण त्यातून फेरोफ्लुइड नावाचा द्रव जन्माला आला. रील्समध्ये चुंबकाजवळ काटे उभे राहणारं काळं तेल बघितलं असेल तुम्ही. तेच ते.

आणि अळवावरचं पाणी

आता दुसरी गरज. थेंब पसरता कामा नये. काचेवर पाणी टाकलं तर ते पसरतं, चिकटतं. अळूच्या पानावर टाकलं तर? मोत्यासारखं गोल राहतं आणि पान जरा हललं की घरंगळतं. आपल्याकडे ‘अळवावरचं पाणी’ म्हणजे न टिकणारी गोष्ट, लॅबवाल्यांसाठी मात्र हाच सगळ्यात टिकाऊ फायदा. ते टेफ्लॉनचा, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्याचा लेप दिलेली पट्टी वापरतात. थेंब वाळू नये म्हणून त्यावर तेलाचा थर देतात.

शिवाय आकार लहान झाला की निसर्गाचे नियमही आपल्या बाजूनं झुकतात. पाण्याचा थेंब पावणेतीन मिलिमीटरपेक्षा लहान असला की गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताण भारी पडतो. थेंब स्वतःच स्वतःची वाटी बनतो. वेगळं भांडंच लागत नाही.

आता पट्टीखालून चुंबक सरकवा. थेंबातले कण चुंबकाकडे झेपावतात आणि जाताना अख्खा थेंब सोबत ओढत नेतात. दोन थेंब एकमेकांजवळ आणले की एक होतात, म्हणजे मिसळण झालं. चुंबक गोल फिरवलं की आतलं ढवळलं जातं.

पण खरी गंमत पुढे आहे. चुंबक जोरकस असेल आणि झटक्यात ओढलं तर थेंब मागेच राहतो आणि कण त्याची कड फोडून बाहेर पडतात. का भारी आहे हे? कारण या कणांवर आधीच ‘गळ’ लावून ठेवलेला असतो. कुणावर विषाणूचं आरएनए धरणारा लेप, कुणावर एखादं ठरावीक प्रथिन पकडणारी अँटिबॉडी. कण रक्ताच्या थेंबात जातात, आपला मासा पकडतात, रक्त तिथेच सोडून बाहेर येतात, पुढच्या थेंबात धुऊन निघतात आणि तिसऱ्या थेंबात तपासणीला बसतात. गाळणं, धुणं, मोजणं. मोठ्या लॅबमध्ये यासाठी सेंट्रिफ्यूज, पंप, पिपेट आणि दोन माणसं लागतात. इथे एक चुंबक आणि रांगेत ठेवलेले चार थेंब.

हे खरंच चालतं का?

चालतं. २००७ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी हे करून दाखवलं. तेव्हा एच५एन१ बर्ड फ्लूची धास्ती होती. (आपल्याकडे २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीत तो आलाच होता, कोंबड्या मारायची वेळ आली होती.) घशातल्या स्वॅबचा नमुना थेंबात घेतला, त्यात चुंबकीय कण टाकले. कणांनी विषाणूचं आरएनए पकडलं, चुंबकानं त्यांना धुण्याच्या थेंबांतून फिरवलं आणि मग त्याच थेंबात पीसीआर करून टाकली. नमुन्यापासून उत्तरापर्यंत २८ मिनिटांच्या आत. तोच थेंब पंप, तोच मिक्सर, तीच टेस्ट ट्यूब.

मग एकेक जण यात उतरला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आहेत. घडीच्या कागदाचा मायक्रोस्कोप, फोल्डस्कोप, बनवणारे तेच. मूळचे उत्तर प्रदेशातल्या मेरठचे. २०१५ मध्ये त्यांच्या टीमनं फिरत्या चुंबकीय क्षेत्रात फेरोफ्लुइडचे थेंब घड्याळाच्या ठोक्यावर चालवले. लोखंडी पट्ट्यांच्या चक्रव्यूहात शेकडो थेंब एकाच तालात पुढे सरकतात, एकमेकांना वाट अडवतात आणि त्यातून कॉम्प्युटरसारखं गणित होतं. म्हणजे थेंबांची कवायतच.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या टीमनं या युक्तीचं हातात मावणारं यंत्र केलं. गनोरियाची, म्हणजे परमा या गुप्तरोगाची तपासणी त्यावर १५ मिनिटांच्या आत होते. २०२१ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की चाचणी फक्त अमेरिकेतल्या बाल्टिमोरला नाही, युगांडातल्या कंपालामध्येही केली गेली. म्हणजे चकचकीत लॅबबाहेर, खऱ्या क्लिनिकमध्ये.

आणि २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं अख्खी टोळीच उभी केली. सर्किट बोर्डवर छोट्या छोट्या कॉइल, त्यावर नखापेक्षा लहान चुंबकं धावतात आणि प्रत्येक चुंबक आपापला थेंब घेऊन जातं. कोविडचे नमुने त्यांनी यावर तपासले. बऱ्याच जणांचे नमुने आधी एकत्र करून तपासायचे, निगेटिव्ह आलं तर सगळे मोकळे, पॉझिटिव्ह आलं तरच वेगळं करून बघायचं. हे सगळं थेंब आपोआप करतात.

थांबा, रक्तातच लोह असतं ना? मग चुंबकाला रक्त का चिकटत नाही?

कमेंटमध्ये हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच. आपल्या अंगात ३-४ ग्रॅम लोह असतं, बरचसं हिमोग्लोबिनमध्ये. पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखं एकत्र नसतं, एकेक अणू सुटा बसलेला असतो. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी दाखवलं की ऑक्सिजन असलेल्या रक्ताला चुंबक उलट किंचित दूर लोटतं, तर ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताला किंचित ओढतं. हा ओढा इतका क्षीण की फ्रिजवरच्या चुंबकाला काही कळणारही नाही. त्यामुळे ‘रक्ताभिसरण सुधारणारं’ मॅग्नेटिक ब्रेसलेट कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आता पुन्हा यवतमाळ

कोलिनेस्टरेज मोजायची जगभर वापरली जाणारी पद्धत १९६१ ची आहे, जॉर्ज एलमन यांची. रक्तातलं एंझाइम जिवंत असेल तर मिश्रण पिवळं होत जातं. जितकं वेगानं पिवळं, तितकं एंझाइम चांगलं. विषबाधा झालेल्या माणसाच्या रक्तात पिवळेपणा हळू येतो किंवा येतच नाही. बोटाला टोचून घेतलेल्या १० मायक्रोलिटर रक्तावर हे मोजणारी छोटी यंत्रं आजही बाजारात आहेत. म्हणजे सलाइनच्या थेंबाचा पाचवा हिस्सा पुरतो.

मग चुंबक कशाला? कारण रक्त लाल असतं. एलमनचा पिवळा रंग ज्या प्रकाशात मोजतात, नेमका तोच प्रकाश हिमोग्लोबिनही शोषतं. लालमध्ये पिवळं शोधायचं म्हणजे तिखटात हळद शोधण्यासारखं. चुंबकीय कणांवर अँटिबॉडीचा गळ लावला तर ते प्लाझ्मातलं कोलिनेस्टरेज तेवढं उचलून आणतात आणि लाल रंग मागे ठेवतात.

ही माझ्या मनातली कल्पना नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या लॅबमध्ये चुंबकीय कणांनी हे एंझाइम रक्तातून वेगळं करतात आणि त्याला विषाचा कुठला तुकडा चिकटलाय ते तपासतात. म्हणजे ‘विष लागलंय का’ याच्या पुढे जाऊन ‘कुठल्या जातीचं लागलंय’ याचाही माग लागतो. फक्त तो शेवटचा टप्पा मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या अवाढव्य, महागड्या मशीनवर होतो. ते काही पीएचसीत येणार नाही. पण पहिला टप्पा, गाळायचा आणि रंग मोजायचा, थेंबांच्या पट्टीवर बसू शकतो.

आणि हो, डायफेंथियुरॉनवर ही चाचणी गप्प बसेल, कारण ते कोलिनेस्टरेजला हात लावत नाही. पण त्या गप्प बसण्यालाही किंमत आहे. पेशंट अत्यवस्थ आणि एंझाइम मात्र शाबूत, म्हणजे दुसरीकडे शोधा, हा इशारा डॉक्टरला मिळतो.

खरा उपयोग तर त्याहून वेगळ्या ठिकाणी आहे असं मला वाटतं. कोलिनेस्टरेजची पातळी माणसागणिक वेगळी असते. एकाची नॉर्मल पातळी ती दुसऱ्याची घसरलेली असू शकते. म्हणून एकदाच मोजून फार कळत नाही. हंगामाच्या आधी एकदा मोजायचं आणि फवारणी सुरू झाली की पुन्हा पुन्हा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७४ पासून असा नियम आहे. फवारणीवाल्या मजुराची पातळी स्वतःच्या मूळ पातळीच्या ८० टक्क्यांवर आली की मालकानं कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींमधलं एंझाइम ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर आलं की मजुराला फवारणीवरून हटवायचं. तब्येत बिघडायच्या आधीच.

आता हाच हिशोब आर्णी, घाटंजी, केळापूर, झरी-जामणीला लावून बघा. रोजानं फवारणीला जाणारे मजूर, आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. प्रत्येकाची महिन्यातून एक-दोनदा ट्यूबभर रक्त काढून तपासणी? कोण देणार, कोण करणार, खर्च कोण उचलणार? बोटाचा एक थेंब, आशाताईंच्या पिशवीत मावणारी पट्टी आणि दहा मिनिटांत उत्तर, असं असेल तरच हे शक्य आहे. यंत्र लहान करायचा अट्टहास त्यासाठी.

सिकलसेलचं काय?

यवतमाळचा आणखी एक जुना आजार थेंबातच पकडायचा आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध अशी मोठी आदिवासी वस्ती या जिल्ह्यात आहे आणि विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं.

गावात होते ती सॉल्युबिलिटी टेस्ट. रक्त टाकलं की द्रावण गढूळ झालं तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण हा माणूस फक्त वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी सॅम्पल पुन्हा मोठ्या लॅबकडे. आणि वाहक की रुग्ण यावर तर लग्नाचे, मुलाबाळांचे निर्णय अडलेले असतात. आयआयटी मुंबईत देबजानी पॉल यांच्या टीमनं सिकलसेलसाठी मायक्रोफ्लुइडिक, म्हणजे अतिसूक्ष्म द्रवावर चालणाऱ्या चाचणीवर काम केलंय. त्यात चुंबक नाही, पण धडपड तीच, थोड्या रक्तात, थोड्या खर्चात, पेशंटजवळ.

थेंबाएवढ्या तपासणीवर विश्वास बसत नसेल तर गोव्याकडे बघा. तिथल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट मशीन टीबी तपासतं, बॅटरीवर चालतं आणि शेवटच्या टप्प्यात चिपवर जेमतेम ६ मायक्रोलिटर द्रव घालतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. तिथेही थेंब चुंबकावर पळत नाही, पण सूक्ष्म थेंबावरची तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये टिकते हे सिद्ध झालंय.

मग घोडं कुठे अडलंय?

बऱ्याच ठिकाणी. या क्षेत्रातले लोक स्वतःवरच एक विनोद करतात, की आम्ही ‘चिपवर लॅब’ बनवायला निघालो आणि बनली ‘लॅबमधली चिप’. थेंब टिचभर, पण त्याला चालवायला शेजारी पंप, मायक्रोस्कोप, लॅपटॉप आणि पीएचडीवाला माणूस. चुंबकाची युक्ती इथे उजवी ठरते, कारण चुंबकाला पंप लागत नाही, वीजही नाममात्र लागते.

पण यवतमाळच्या उन्हाचं काय? मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. मोहरीएवढा थेंब उघडा राहिला तर बघता बघता उडून जाईल, म्हणून तेल हवंच. त्यात एंझाइमची गती तापमानाबरोबर बदलते. सकाळी मोजलेलं आणि दुपारी दोनला मोजलेलं सारखं येणार नाही, यंत्रानं तापमानाचा हिशोब धरलाच पाहिजे. अँटिबॉडी लावलेले कण सहसा फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. ते कोरडे करून, नुसत्या पाकिटात टिकतील असे बनवणं हे वेगळंच काम. आणि फवारणी करून आलेल्या माणसाच्या बोटावरच औषध लागलेलं असलं तर? रक्ताच्या थेंबात बाहेरचं विष मिसळून रिपोर्ट खोटा येऊ शकतो. म्हणजे टोचायच्या आधी साबणानं हात स्वच्छ धुणं आलं, आणि वावरात धुवायला पाणी असणं आलं.

शिवाय अशी कुठलीही पट्टी आधी खऱ्या पेशंटवर, नेहमीच्या लॅबशी ताडून बघावी लागते. त्यासाठी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाइतकी योग्य जागा दुसरी कुठली असेल? २०१७ मधले फवारणीचे पेशंट त्यांनीच तर सांभाळले होते. आणि वेळही पाळावी लागेल. कपाशीची लावणी जूनमध्ये, फवारणीला सुरुवात त्यानंतर. मजुरांच्या रक्तातली मूळ पातळी मोजायची तर ती मे महिन्यातच, पंपाला हात लावायच्या आधी.